शेगडी उंबऱ्याबाहेर

वर्षावास संपतो, अशोक विजयादशमीचा सोहळा आटोपतो आणि एके पहाटे यवतेश्वराच्या बाजूने उतरणारा वारा अंगाला झोंबतो. त्या पहाटेपासून आपल्या वसतिगृहाचा हिवाळा सुरू होतो. ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. १९०० साली त्या तारखेला बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले; राज्य शासनाने २०१७ पासून तो दिवस सर्व शाळांसाठी ठरवून दिला, परंतु आपल्याकडे तो त्याच्याही आधीपासून पाळला जातो. त्याच दिवसांच्या मागेपुढे मागील अंगणातला तांब्याचा बंब चिंच लावून घासला जातो, त्याची जाळी झाडली जाते आणि आजारी मुलांच्या शेकासाठी ठेवलेली कोळशाची शेगडी माळ्यावरून खाली उतरते.

या शेगडीवरून आमच्याविरुद्ध एक जुनी तक्रार आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती दर वेळी निघते. आता अधिकारी झालेला, केस पिकू लागलेला एखादा विद्यार्थी हसत हसत म्हणतो, "सर, बाकी सगळं विसरलो, पण माघातल्या थंडीत तुम्ही शेगडी खोलीत घेऊ दिली नाहीत, ते नाही विसरलो." सुरुवातीच्या वर्षांत आपल्या खोल्यांवर पत्रे होते. पहाटे त्या पत्र्यांवरून दव ठिबकत असे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की त्या रात्री आपली मुले दोन दोन मिळून एका घोंगडीत शिरत. तरीही "शेगडी उंबऱ्याबाहेर" ही अक्षरे भिंतीवर पंचशीलाच्या पाटीशेजारी रंगवलेली होती आणि तो नियम कोणासाठीही सैल झाला नाही. काही पालकांना तो निर्दयपणा वाटला. नियमाचे कारण आम्ही वर्गात शास्त्राच्या भाषेत दर वर्षी सांगितले आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने पाने दिली आहेत, तेव्हा तेच कारण येथे घरच्या भाषेत सांगतो.

आमचे वडील मिरजेच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. मिरज त्या काळी वाफेच्या इंजिनांचे मोठे ठाणे होते. पुणे, कोल्हापूर, लोंढा आणि कुर्डुवाडी अशा चार दिशांना गाड्या सुटत. पुढे ब्रॉडगेज आली तेव्हा तीन मापांचे रूळ एकाच स्थानकात पाहायला मिळत. कुर्डुवाडीची छोटी गाडी ही बार्शी लाइट रेल्वेची. ती १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. हा इतिहास आम्ही एम.ए.च्या वर्गात वाचला. त्याच्या कितीतरी आधी तो कोळशाच्या रूपाने आमच्या अंगणात येऊन पडत होता. इंजिन शेडमध्ये आले की त्याच्या भट्टीतील राख खाली पाडली जाई आणि त्या राखेत अर्धवट जळालेला कोळसा असे. बायका आणि पोरे तो वेचून पाटीने विकत. आई त्यांच्याकडून मोजून पाट्या घेई.

विकत घेतलेला कोळसा ही आईच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. आमच्या आजोबांनी गावची महारकी केली होती. सरकारी पाहुणा आला की त्याच्यासाठी सरपण पुरवायचे, लाकडे फोडायची, मयताची लाकडे वाहायची, ही सगळी वतनाची कामे. दुसऱ्याच्या चुलीची काळजी वाहणाऱ्याच्या घरात मात्र पावसाळ्यात कोरडी काटकी नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले. ती कनिष्ठ वतने प्रत्यक्षात नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने. वडिलांच्या पगारातून आलेल्या कोळशावर आईने पहिल्यांदा भाकरी भाजली तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा अंदाज ती कोळसा ज्या निगुतीने रचून ठेवी त्यावरून आम्ही करीत असू.

शेगडी म्हणजे एक जुनी लोखंडी बादली. खालच्या बाजूला हवेसाठी कापलेले चौकोनी तोंड, मध्यावर सळ्यांची जाळी, आतून चार बोटे जाड मातीचा लेप. पावसाळाभर ती माळ्यावर पडून राही आणि लेपाला भेगा जात. कार्तिक लागला की आई पोयट्याची माती, भाताचा कोंडा आणि घोड्याची लीद एकत्र मळून त्या भेगा बुजवी. मिरजेत तेव्हा टांगे पुष्कळ, त्यामुळे लिदीला तोटा नव्हता. तिच्यातील बारीक काड्या मातीला धरून ठेवतात. लेप आधी सावलीत वाळवायचा आणि मग उन्हात. ओल्या लेपावर विस्तव घातला तर तो तडकून पडतो, हे सांगताना आई उतावळ्या माणसांची उदाहरणे देई आणि ती बहुधा नात्यातलीच असत.

मग पेटवणी. तळाशी शेणीचा तुकडा (साताऱ्याकडे तिला गोवरी म्हणतात), त्यावर चिपाडे आणि मक्याची बुरकुंडे, त्यावर लाकडी कोळसा आणि सर्वांत वर दगडी कोळसा. दगडी कोळसा नुसत्या काडीने पेटत नाही. त्याला आधी पेटलेल्याची संगत लागते. रॉकेल रेशनचे, म्हणून चमचाभरच. शेगडीचे तोंड वाऱ्याकडे करून ठेवले की आमचे काम पुठ्ठ्याने वारा घालायचे. आधी दाट पिवळट धूर येई आणि डोळ्यांतून पाणी काढी. मग धूर पातळ होई. मग वरच्या कोळशांतून बारीक निळ्या ज्योती उठत आणि शेवटी लालभडक आर पडे. त्या निळ्या ज्योती आम्हा भावंडांना फार आवडत. त्या कशाच्या, हे पुढे कळले.

येथवर आमच्या घरात आणि शेजारच्या घरांत काही फरक नव्हता. फरक पुढे होता. शेजारणी धूर सरला की शेगडी आत नेत आणि दार लोटून घेत. आमची आई ती आत नेत नसे. फार थंडी असली तर दार सताड उघडे ठेवून शेगडी उंबऱ्याबाहेर मांडायची आणि आतून हात शेकायचे, एवढी मुभा होती. अंथरुणे घालण्यापूर्वी ती अंगणाच्या टोकाला जाई. शेजारणी म्हणत, "ऊब बाहेरच घालवायची, तर कोळसा जाळतेस कशाला गं?" आई उत्तर देत नसे. वडीलही काही बोलत नसत. आम्ही मॅट्रिकला असताना त्यांनी आम्हाला शेजारी बसवून सगळे सांगितले.

आमच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. आई पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी, खटाव तालुक्यातल्या गावी गेली. १९६५ चा डिसेंबर. माणदेशाला लागून असलेल्या त्या उघड्या मुलखातली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची एकुलती एक खिडकी गोणपाटाने बंद केली होती, दाराच्या फटींत फडकी कोंबली होती. बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा. शेक म्हणून दोन वेळा शेगडी घालायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. त्या रात्री थंडी जास्त, म्हणून ती पहाटेपर्यंत तशीच राहिली. खोलीत आई, तिची चुलती आणि बारा दिवसांचे बाळ. पहाटे चुलती कशीबशी उठली, दाराशी जाऊन उलटी करून खाली बसली. आईला हलवून जागे करावे लागले. बाळ जागे झाले नाही. त्याचे गाल गुलाबी होते. झोपल्यासारखेच दिसत होते, असे आजी सांगे.

त्या वाडीने १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली होती. घराघरांतले देव ओढ्यात सोडले होते. देव्हारे रिकामे झाले, परंतु मनातली सटवाई एवढ्या लवकर निघत नाही. कोणी म्हणाले, पाचवी पुजली नाही म्हणून सटवाई कोपली. दुसरे कोणी त्याहून वाईट बोलले. सुईणीची नजर लागली म्हणाले. सुईण आमच्याच वाडीतली, विधवा आणि निपुत्रिक. तिच्या हातावर निम्मे गाव जन्मलेले. वरच्या आळीतल्या वाड्यांतूनही तिला रात्री-अपरात्री बोलावणे येई आणि तिचे काम आटोपले की ती जिथे बसली ती जागा शिंपून शुद्ध केली जाई. त्या गावाने तिला असे वागवले होते. आता आपलीच माणसे तिला वाडीबाहेर काढायचे ठरवीत होती. बहिष्कार म्हणजे काय हे ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसले, तोच समाज एका म्हातारीला वाळीत टाकायला निघाला होता. इतिहासाच्या अभ्यासात आम्हाला पुढे अशा कितीतरी नोंदी भेटल्या, पण एवढ्या जवळची एकही नाही.

तार मिळताच वडील मिरजेहून गावी गेले. खोली पाहिली, शेगडी पाहिली आणि गप्प राहिले. ते शेडमधले कामगार. नुकत्याच विझवलेल्या इंजिनाच्या भट्टीत उतरून काम करणाऱ्याचे डोके धरते, पाय लटपटतात, हे त्यांना माहीत होते. कोळशाचा वायू चढला, असे शेडमध्ये म्हणत. त्यांनी मिरजेला परतून रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. जाळीखालून येणारी हवा तळच्या निखाऱ्यांना मिळते आणि तिथे एक वायू तयार होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशातून जातो आणि त्यातून दुसरा, विषारी वायू होतो: कार्बन मोनॉक्साइड. वरच्या थराशी पुरेशी हवा असली की तो निळ्या ज्योतीने जळून जातो. निखाऱ्यांवर राख बसली, खोलीतली हवा सरली, की तो न जळता बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने त्याला धरते, आणि मग प्राणवायूला जागा उरत नाही. गाल गुलाबी दिसतात ते त्याच मुळे. धूर थांबला की धोका टळला ही समजूत खोटी आहे. धुराने निदान माणूस खोकतो आणि जागा होतो.

पुढच्या रविवारी वडील पुन्हा गावी गेले. समाजमंदिरात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतले. त्यांना भाषण करता येत नसे. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. खोलीत कोण कोण होते? खिडकी उघडी होती की बंद? शेगडी किती वेळ होती? चुलतीचे डोके का ठणकले? तिला उलटी का झाली? तिलाही नजर लागली का? पडवीत झोपलेल्या मामाला काही झाले का? त्या रात्री सुईण कोठे होती? सुईण त्या रात्री दोन कोसांवर दुसऱ्या बाळंतपणात होती, हे वाडीत सर्वांना ठाऊक होते. कोणी ते बोलले नव्हते इतकेच. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दैवी शक्तीवरील विश्वास हा अधम्म मानला आहे आणि प्रत्येक घटनेला मानवी किंवा नैसर्गिक कारण असते असे सांगितले आहे. वडिलांनी तो ग्रंथ तोवर वाचला नव्हता. सगळ्यांना पटले असे ते कधी म्हणाले नाहीत. आमच्या आजीला तर शेवटपर्यंत पटले नाही. पण सुईणीला बाहेर काढण्याची भाषा त्या रविवारी बंद झाली.

हे अडाणी खेड्यापुरते आहे असे कोणी समजू नये. एमिल झोला हा फ्रान्सचा थोर कादंबरीकार. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांवर त्याने कादंबरी लिहिली. ड्रायफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाविरुद्ध त्याने १८९८ साली एकट्याने सरकारला जाहीर जाब विचारला. १९०२ च्या सप्टेंबरअखेर तो गावाकडच्या घरातून पॅरिसला परतला. थंडी लवकर पडली होती, म्हणून निजायच्या खोलीत मोसमातला पहिला कोळसा पेटवला. धुराडे तुंबलेले होते. २९ सप्टेंबरच्या सकाळी झोला मृतावस्थेत सापडला; पत्नी वाचली. पॅरिसमधल्या विद्वानाच्या घरी जे झाले तेच खटाव तालुक्यात झाले, फक्त तिथे कोणी सुईणीला धरले नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणींतल्या स्फोटांची तपासणी करून दाखवले होते की बहुतेक मजूर स्फोटाने मरत नाहीत, या वायूने मरतात. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेण्याची प्रथा त्याच्या सूचनेवरून आली.

आपल्या विनयपिटकातही शेकोटीचे प्रकरण आहे. भग्ग जनपदात सुंसुमारगिरीजवळ काही भिक्खू हिवाळ्यात एक पोकळ ओंडका पेटवून शेकत बसले. आतला नाग धगीने बाहेर आला आणि भिक्खूंची पळापळ झाली. त्यावरून आजारी नसलेल्या भिक्खूने शेकण्यासाठी आग पेटवू नये, असा पाचित्तियाचा नियम झाला. योग्य कारण असल्यास त्याला अपवाद ठेवला. मात्र प्रकृतीसाठी उष्ण स्नानगृहाची, जंताघराची, परवानगी भगवंतांनी दिली आणि त्या जंताघराला धूमनेत्त, म्हणजे धूर जाण्याची वाट, ठेवण्याचीही अनुज्ञा दिली. आग वापरायची तर तिच्या उच्छ्वासाला वाट द्यायची, एवढे आपल्या परंपरेत फार पूर्वी लिहून ठेवले आहे. अग्नीची पूजा करणाऱ्या जटिलांना जिंकणाऱ्या शास्त्याकडून याहून वेगळे काय अपेक्षावे?

धूर जाण्याची वाट ही, आमच्या मते, घराघरांतल्या विषमतेचीही गोष्ट आहे. महाबळेश्वरी साहेबांनी बंगले बांधले तेव्हा भिंतीत शेकोटी आणि वर धुराडे घातले. आमच्या वाडीतल्या घराला धुराडे कुठले? पण कौले होती, कुडाच्या भिंती होत्या, त्यांतून वारा खेळे. गरिबीची ती एक अनपेक्षित कृपा होती. माणूस मेला तो वारा बंद करण्याचा प्रयत्न केल्यावर. आज आपल्या समाजातल्या कित्येकांची घरे स्लॅबची झाली, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या, हे पाहून उर भरून येतो. पण हे घर जुन्या घरापेक्षा अधिक घट्ट मिटते. त्यात शेगडी नेली तर ती लवकर मारते. शेगडी गेली तरी न्हाणीघरात गॅसचा गिझर आला आहे, आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गिझर हा त्याच वायूचा नवा पत्ता आहे. पालकांना हात जोडून सांगणे आहे: गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बाळंतिणीला शेकायचे असेल तर फडकी बाहेर गरम करून आत आणा. बंद खोलीत एकाहून अधिक जणांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले, तर आधी दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना उघड्यावर आणा आणि मग दवाखाना गाठा.

वडिलांनी १९६५ मध्ये जे प्रश्न विचारले, ते विचारणाऱ्याच्या पाठीशी तेव्हा कोणताही कायदा नव्हता. नजर लावली, करणी केली म्हणून एखाद्या स्त्रीचा छळ करणे हा महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्या वर्षीच्या २० ऑगस्टला प्राण द्यावे लागले. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांनी मिरजेत घेतले होते. आम्ही दर हिवाळ्यात पहिली शेगडी पेटवताना मुलांना ही दोन्ही गावे नकाशावर दाखवतो. मुले वारा घालण्यात गुंतलेली असतात, त्यामुळे कितपत ऐकतात कोण जाणे.

आमचा जन्म १९६९ च्या डिसेंबरातला. या खेपेस आई माहेरी गेली नाही. रेल्वेचा दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. तरीही वडील खटावला गेले आणि त्याच सुईणीला आपल्या सोबत गाडीने मिरजेला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. "माझ्या हाताला बोल लागलाय, मला कशाला नेता?" असे ती म्हणत होती, आईचा निरोप ऐकल्यावर उठली. आमची नाळ तिने कापली. तिसऱ्या दिवशी तिने सवयीने शेगडी उचलली आणि दाराशी थबकली. आईने बाजेवरूनच अंगणाकडे बोट केले. म्हातारीने ती नळाच्या पलीकडे, वाऱ्याच्या तोंडाला मांडली, पेटवली, आर पडेपर्यंत शेजारी बसून राहिली आणि फडकी शेकून एक एक करून आत आणून दिली.